विस्तव झांकणें आणि विझविणें

पुणें–नाशिक व कल्याण–नगर हे दोन मार्ग आळेफाट्यास एकमेकांस छेदतात. इ. स. २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राप्रमाणें येथेंही भारनियमन असे. वीज अवचित जाई आणि मेजावरील संगणकांत न सांठविलेला मजकूर क्षणांत लोपे. हें दुःख आम्हींही भोगलें आहे. पुढें विजेचा सांठा पोटांत बाळगणारा लॅपटॉप आला. धाक गेला, पण त्याबरोबर सावधपणाही गेला. झांकण मिटलें कीं काम मिटलें, असें आम्ही समजूं लागलों.

वस्तुतः यंत्राच्या विश्रांतीलाही इतिहास आहे. १९९२ सालीं इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनीं वीजबचतीची सामाईक रीत ठरविली. १९९६ सालीं तोशिबासह त्यांनीं दुसरी रीत आणली आणि यंत्रानें केव्हां निजावें हें ठरविण्याचा अधिकार संगणकप्रणालीकडे सोंपविला.

साधी निद्रा म्हणजे राखेखालीं झांकलेला विस्तव. स्मृति जागी ठेवण्यास थोडी वीज लागतेच. ती संपली कीं न सांठविलेलें काम गेलें. शीतनिद्रेंत तें काम आधीं कायमच्या सांठ्यांत उतरतें, मग वीज तुटते. पूर्ण बंद करणें म्हणजे चूल विझविणें. पण तेथेंही कळ दाबून धरूं नये, यंत्रास आपली आवराआवर करूं द्यावी.

घटकाभर उठावयाचें असल्यास निद्रा पुरे. प्रवासास निघतांना शीतनिद्रा बरी. आमच्या आज्या विस्तव झांकावा कीं विझवावा, हें ठरवूनच रात्रीं निजत. तेवढा विवेक आपणही राखावा.