घराण्याचा प्रश्न आणि वसंतराव देशपांडे यांची गायकी

हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासलेखनात गायकाच्या नावापाठोपाठ त्याच्या घराण्याचा निर्देश करण्याचा परिपाठ आहे. ग्वाल्हेर, किराणा, आग्रा, जयपूर ही वर्गवारी शिष्यपरंपरेचा मागोवा घेण्यास उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु वसंतराव देशपांडे (१९२०–१९८३) यांच्यापाशी आले की हा परिपाठ अडखळतो. त्यांचे घराणे एका शब्दात सांगता येत नाही, आणि म्हणून त्यांच्या गायकीला ‘मिश्र’ ठरवून बाजूस ठेवण्याचा मोह होतो. हा निर्णय कितपत ग्राह्य आहे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

वसंतरावांचा जन्म वऱ्हाडातील मूर्तिजापूरचा. नागपुरास त्यांना पहिले पाठ मिळाले ते शंकरराव सप्रे यांच्याकडून. सप्रे हे विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतील. अर्थात हा संस्कार ग्वाल्हेरचा होता. पुढे लाहोरास असदअली खाँ, तसेच किराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजारचे अमानअली खाँ आणि अंजनीबाई मालपेकर यांच्याकडून त्यांनी विद्या घेतली. या सर्वांइतकाच खोल ठसा मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या गाण्याचा उमटला. उपजीविकेसाठी मात्र अनेक वर्षे त्यांना लष्करी हिशेब खात्यात नोकरी करावी लागली.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास अशी स्थिती अपरिचित नाही. आपल्या वसईच्या परिसरात सामवेदी, वाडवळी, कोळी आणि प्रमाण मराठी शेजारी शेजारी नांदतात. घरी सामवेदी बोलणारा मनुष्य शाळेत प्रमाण मराठी बोलतो, म्हणून त्याला स्वतःची भाषाच नाही, असे आपण म्हणत नाही. कोणत्या प्रसंगी कोणते रूप योजावे, हे त्यास उमगते की नाही, एवढेच पाहावयाचे असते. बोलींची सरमिसळ निराळी आणि अनेक बोलींवरील प्रभुत्व निराळे.

हाच निकष गायनास लावून पाहू. ख्यालात शब्द थोडे आणि विस्तार स्वरांचा. मारव्यासारख्या रागात पंचम वर्ज्य असतो, कोमल ऋषभ व धैवत यांवर भार असतो आणि षड्जाची विश्रांती लांबवावी लागते. वसंतरावांच्या आवडीच्या या रागात रागनियमाचेच राज्य आहे. नाट्यपदात याच्या उलट, शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला पाहिजे आणि प्रसंगही पुढे सरकला पाहिजे. चित्रपटगीताला तर अवघी काही मिनिटे मिळतात. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) व ‘अष्टविनायक’ (१९७९) या चित्रपटांतील वसंतरावांची गीते ऐकावीत. तेथे विस्ताराचा हव्यास नाही, शब्दाला मान आहे. मात्र दीनानाथांकडून आलेली, अनपेक्षित वळण घेणारी तान सर्वत्र डोकावते. बहुभाषिक मनुष्याचा मूळ हेल प्रत्येक भाषेत जाणवावा, तशी ती आहे. ती दोष नव्हे, ओळख होय.

या विवेचनाची खरी कसोटी म्हणजे १९६७ साली रंगभूमीवर आलेले ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेल्या या नाटकाला जितेंद्र अभिषेकी यांनी संगीत दिले. पंडितजी आणि खाँसाहेब यांच्या गायकी एकमेकींहून वेगळ्या ऐकू याव्यात, अशी योजना त्यांनी केली. आपली विद्या परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून जपणाऱ्या खाँसाहेबांची भूमिका वसंतरावांनी केली. घराण्याची भिंत राखणारे पात्र, आणि ते उभे करणारा गायक मात्र पाच-सहा दारी विद्या मागितलेला! विद्या कोणाच्या मालकीची, हा नाटकातील प्रश्न त्या गायकाच्या आयुष्याने आधीच सोडविला होता. तरीही व्यापक कीर्ती त्यांच्याकडे आली ती सत्तेचाळिसाव्या वर्षी, याच भूमिकेमुळे. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार तर १९८२ साली, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी मिळाला. एका चौकटीत न मावणाऱ्या कलावंताची दखल घेण्यास आपली वर्गवारी किती विलंब लावते, याचे हे उदाहरण मानण्यास हरकत नाही.

तात्पर्य, वसंतरावांचे घराणे कोणते, हा प्रश्नच सदोष आहे. कोणत्या गुरूचे कोणते लक्षण कोणत्या गानप्रकारात टिकले आणि कोठे त्यांनी ते जाणूनबुजून आवरले, हे ध्वनिमुद्रणांच्या आधारे तपासणे अधिक फलदायी ठरेल. संगीत व भाषा या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी मिळून हाती घ्यावे असे ते काम आहे.