वेगवान मोटारींचे अपघात आणि प्रवाशांचा बचाव

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ ४ सप्टेंबर २०२२ रोजी सूर्या नदीच्या पुलावर मोटार आदळून टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. मागील आसनावरील त्यांचे सहप्रवासीही दगावले. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, मात्र बचावले. मागील प्रवाशांनी सीटबेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मागे बेल्ट लावणे नियमाने तेव्हाही बंधनकारकच होते.

अपघातात वस्तुतः तीन धडका होतात. प्रथम मोटार अडथळ्यावर आदळते. मोटार थांबली तरी शरीर त्याच वेगाने पुढे जाऊन तिच्या आतील भागावर किंवा पुढील आसनावर आदळते. तिसरी धडक शरीराच्या आत होते. मेंदू कवटीवर आपटतो, यकृत व मोठ्या रक्तवाहिन्या फाटतात. बाहेरून फारशी जखम न दिसणारा प्रवासी काही वेळाने अंतर्गत रक्तस्रावाने दगावतो, तो यामुळेच.

वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. ताशी १०० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे हे सुमारे ३९ मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तेरा मजली इमारतीवरून, पडण्यासारखे आहे. जीव वाचणे हे शरीराला थांबण्यासाठी किती अंतर मिळते यावर बरेचसे अवलंबून असते. मोटारीचा पुढचा भाग चुरगळावा अशीच त्याची रचना असते. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार चुरगळत अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर बेल्ट लावलेल्या प्रवाशावर त्याच्या वजनाच्या सुमारे २० पट जोर येतो. १०० च्या वेगाला तेवढ्याच अंतरात तो ८० पट होतो. बेल्ट नसेल, तर हे अर्ध्या मीटरचे अंतरही हाती लागत नाही.

आजचा तीन बिंदूंचा पट्टा १९५९ मध्ये व्होल्वोचे अभियंते निल्स बोलिन यांनी तयार केला व कंपनीने त्याचे पेटंट इतरांनाही खुले ठेवले. एअरबॅग ही त्याची जोड आहे, पर्याय नव्हे. बेल्ट नसलेले शरीर ती पुरती फुगण्याआधीच तिच्यावर आदळू शकते.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ योजनेत समोरील धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगाने होते. मोटारीला मिळालेले तारे या वेगापुरते बोलतात. १०० च्या वेगाला ऊर्जा जवळजवळ अडीच पट असते.

मांडीवरच्या मुलालाही हेच गणित लागू होते. ताशी ५० किलोमीटरच्या अशा धडकेत दहा किलोचे मूल धरून ठेवण्यासाठी किमान दोनशे किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो.