क-जीवनसत्त्वाची शिरेवाटे द्यावयाची द्रावणे : आम्लता-नियमन

ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क-जीवनसत्त्व, पाण्यात विरघळवले की द्रावणाचा सामू संहतीनुसार २ ते ३ च्या आसपास उतरतो. रक्ताचा सामू ७.४ असतो, इतके आम्लधर्मी द्रावण शिरेत सोडल्यास आग होते व शीर सुजते. म्हणून इंजेक्शन बनवतानाच सोडियम बायकार्बोनेट किंवा सोडियम हायड्रॉक्साइड मिसळून सामू साधारण ५.५ ते ७ दरम्यान आणतात. त्यात बहुतेक आम्लाचे सोडियम ॲस्कॉर्बेट होते. १ ग्रॅम आम्लाच्या पूर्ण उदासीनीकरणाला सुमारे ०.४८ ग्रॅम बायकार्बोनेट लागते. कार्बन डायऑक्साइडचा फेस उसळत असल्याने ते थोडेथोडे घालावे लागते. ७ च्या पुढे जाणे मात्र अंगलट येते. अल्कधर्मी द्रावणात, विशेषतः तांबे वा लोहाचा अंश असल्यास, जीवनसत्त्वाचे झपाट्याने ऑक्सिडीकरण होऊन द्रावण पिवळे पडते. कुपीत नायट्रोजन भरतात आणि ती उजेडापासून जपतात, ते यासाठीच.

उदासीनीकरणाबरोबर सोडियमही येते : २५ ग्रॅम मात्रेमागे सुमारे ३.३ ग्रॅम. हृदय वा मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते जड जाते. मोठ्या मात्रेचा आणखी एक धोका आम्लता सुधारूनही टळत नाही. जी-६-पीडी या विकराची कमतरता असल्यास तांबड्या पेशी फुटतात. मुंबईतील पारशी समाजात ही कमतरता तुलनेने अधिक आढळते. त्यामुळे मोठी मात्रा देण्यापूर्वी या विकराची तपासणी करतात.