भाकरी सोडू की तूप?

गेल्या शनिवारी कोल्हापूरला घरी पोचलो तर ताटावरून आईचं आणि आबांचं जुंपलेलं. आबा म्हणजे आमचे वडील. तरुणपणी तालमीतले, आता साठीपार, वजन ९८ किलो. कुणीतरी सांगितलं म्हणून भाकरी-भात बंद, नुसतं मटण आणि पांढरा रस्सा. आईचं म्हणणं, तेल-तूप कमी करा आणि सगळं थोडं थोडं खा. निवाडा करायला मी!

जरा शोधाशोध केली, तर हे भांडण दीडशे वर्षांहून जुनं निघालं. लंडनच्या विल्यम बँटिंगने १८६३ साली एक पुस्तिका छापली. डॉक्टरांच्या सल्ल्याने पाव, साखर, बटाटे, बिअर सोडून त्याने साधारण वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे २१ किलो उतरवले होते. १९७२ मध्ये अमेरिकेत डॉ. अ‍ॅटकिन्सनी पुन्हा तोच सूर लावला. बाकीचे बहुतेक डॉक्टर मात्र चरबी कमी करा, असंच सांगत राहिले.

मग २००३ मध्ये ६३ लठ्ठ माणसांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी पिष्ट सोडणाऱ्यांचं वजन सरासरी ७ टक्के घटलं, नेहमीचा डाएट करणाऱ्यांचं ३.२. आबा जिंकले? थांबा. वर्षअखेरीस आकडे ४.४ आणि २.५ वर आले, म्हणजे ठामपणे काही सांगावं इतका फरक उरला नाही. शिवाय बरेच जण मधेच गळाले. २०१८ मध्ये ६०९ जणांवर वर्षभराचा प्रयोग झाला. पिष्ट कमी करणारे ६ किलोने उतरले, चरबी कमी करणारे ५.३. कुस्ती बरोबरीत सुटली म्हणायची!

खासबाग मैदान १९१२ साली उभं राहिलं त्या कोल्हापुरात हे कळायला खरं तर प्रयोग कशाला हवेत? पैलवानाच्या खुराकात दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण आणि भाकरी, सगळंच असतं. ते जिरतं जोर-बैठकांत. आबांनी तालीम सोडली, खुराक नाही सोडला.

हे सांगायला गेलो तेव्हा आई हळूच म्हणाली, "परवा दोनदा घाम फुटला होता त्यांना. हातपाय थरथरत होते." डोक्यात प्रकाश पडला. मधुमेहाची गोळी नेहमीचीच, पोटात भाकरी मात्र नाही. साखर उतरणारच की! सोमवारी डॉक्टरांना गाठलं, त्यांनी डोस बदलला.

आता ताटात एक भाकरी असते, आणि सकाळी रंकाळ्याला फेरी. "वर्षभर जमंल तेवढंच करतो बघ," असं आबा म्हणतात. माझा निवाडाही तोच.