सर्न : वर्गणी व मूल्यमापन

यूरोपीय अणुकेंद्रीय संशोधन संघटना. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठे कणवेगवर्धक उभारणे यूरोपातील कोणत्याही एका देशास परवडणारे नव्हते. १२ राष्ट्रांनी १९५३ मध्ये केलेला करार २९ सप्टेंबर १९५४ पासून अंमलात आला व जिनीव्हाजवळ सामायिक प्रयोगशाळा उभी राहिली.

वर्गणी राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात ठरविण्यात आली; कोणत्याही राष्ट्राचा हिस्सा २५ टक्क्यांहून अधिक नसावा, असे बंधनही होते. मत मात्र लहानमोठ्या प्रत्येक राष्ट्रास एकच. योजनांची वैज्ञानिक पारख विज्ञान धोरण समितीकडे असून तिचे सदस्य राष्ट्रीयत्व न पाहता निवडले जातात.

या व्यवस्थेची खरी कसोटी ३०० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट क्षमतेच्या वेगवर्धकाच्या वेळी लागली. वैज्ञानिकांचा कौल अनुकूल होता. घोडे अडले ते पैशापाशी व जागेपाशी. १९६८ मध्ये ब्रिटनने सहभाग नाकारला. इतर अनेक राष्ट्रे यंत्र आपल्याच भूमीवर असावे म्हणून अडून बसली. १९७० मध्ये जॉन अ‍ॅडम्स यांनी ते जुन्या प्रयोगशाळेलगतच बांधावे व तेथील वेगवर्धकाचाच प्रोटॉन पुरविण्यासाठी उपयोग करावा, असे सुचविले. त्यामुळे खर्च घटला आणि जागेचा वादही मिटला. ब्रिटन परतला, १९७१ मध्ये मंजुरी मिळाली व १९७६ मध्ये यंत्र सुरू झाले. डब्ल्यू व झेड या कणांचा १९८३ मधील शोध याच यंत्रावरचा.

भारत २०१७ मध्ये सहयोगी सदस्य झाला. सहयोगी सदस्यांना वर्गणी द्यावी लागते. परिषदेत मत नसते.