चित्रातल्या क्रियापदांची कुळकथा

इंग्रजीच्या पहिल्या काही तासांत एक प्रश्न हमखास येतो. समोर बाजाराचं किंवा स्वयंपाकघराचं मोठं चित्र असतं आणि बाई विचारतात, ‘व्हॉट इज ही डूइंग?’ मुलं एका सुरात सांगतात, ‘ही इज सेलिंग व्हेजिटेबल्स’, ‘शी इज स्वीपिंग द फ्लोअर’. उत्तर इतकं साधं, की त्याला काही इतिहास असेल असं वाटतही नाही. पण चित्र दाखवून भाषा शिकवण्याची युक्ती एका घराण्यातली आणि ते ‘-इंग’ दुसऱ्याच घराण्यातलं. दोघांची सोयरीक जुळायला तीनशेच्या आसपास वर्षं लागली.

चित्राचं घराणं सुरू होतं योहान आमोस कोमेनियसपासून. १५९२ साली मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, तो जन्मला. तीस वर्षांच्या युद्धात त्याचा देश सुटला. १६५६ साली पोलंडमधलं लेश्नो शहर जळालं, तेव्हा त्याची हस्तलिखितंही जळाली. अशा परागंदा माणसाने मुलांसाठी एक आनंदी पुस्तक लिहिलं. हंगेरीतल्या शारोशपाताक इथे शिकवत असताना त्याने ते रचलं आणि १६५८ साली न्यूरेंबर्गमध्ये ते छापलं गेलं. ‘ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टुस’, म्हणजे इंद्रियांना कळणारं चित्ररूप जग. दीडशे प्रकरणं, प्रत्येकावर एक लाकडी ठशाचं चित्र, खाली शेजारी शेजारी लॅटिन आणि जर्मन मजकूर. चित्रातल्या वस्तूंवर बारीक आकडे आणि तेच आकडे वाक्यांतल्या शब्दांपाशी. लॅटिन व्याकरण छडीच्या धाकाने घोकण्याच्या त्या काळात मुलाने आधी वस्तू पाहावी आणि मग तिचं नाव उच्चारावं, हा कोमेनियसचा आग्रह होता.

या पुस्तकातली मुळाक्षरं पाहण्यासारखी आहेत. प्रत्येक अक्षरापाशी एक आवाज करणारा कुणीतरी आहे: ओरडणारा कावळा, बें बें करणारं कोकरू, किरकिरणारा नाकतोडा, वाहणारा वारा, रडणारं तान्हं मूल. म्हणजे मुलाला पहिलं अक्षर भेटतं तेच एका क्रियेबरोबर. पुढे पाव भाजणारा येतो. तो पीठ चाळतो, मळतो, भट्टीत सरकवतो. मासे धरणारे, मध काढणारे, दारू गाळणारे, शिंपी, न्हावी असे सगळे आपापल्या कामात गुंतलेले भेटतात.

इथेच एक अडचण उभी राहिली आणि ती पुढच्या सगळ्या इतिहासाला पुरली. चाळणीवर आकडा घालता येतो, पिठावर घालता येतो, पण ‘चाळणं’ यावर तो कुठे घालायचा? नाम चित्रात स्थिर बसतं. क्रिया मात्र काळात घडते आणि चित्र काळ थांबवतं. हात वर उचललेला दिसला, तर तो मारायला उचललाय की निरोप द्यायला? कोमेनियसने हे ओझं वाक्यावर टाकलं. आकडे नामांना दिले आणि त्यांना जोडणारं क्रियापद मुलाने चित्राकडे बघून जाणायचं.

लंडनमधल्या चार्ल्स हूल या शिक्षकाने १६५९ साली या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती काढली. आपल्या विषयाला ती फार मोलाची आहे, कारण चित्रातली माणसं काय करताहेत हे सांगणारी इंग्रजी क्रियापदं त्यात पानोपानी सापडतात आणि ती साध्या वर्तमानकाळात आहेत. क्रियापदाच्या शेवटी जुना ‘-एथ’ प्रत्यय येतो. कावळा ओरडतो, भटारी चाळतो, असं. आजच्या शाळेत हेच उत्तर दिलं तर बाई दुरुस्त करतील.

आता ‘-इंग’चं घराणं. ‘असणं’ या अर्थाच्या क्रियापदाला कृदन्त जोडून चालू क्रिया सांगायची सोय इंग्रजीत फार जुनी आहे, पण शतकानुशतकं ती ऐच्छिक होती. शेक्सपिअरच्या नाटकात पोलोनियस हॅम्लेटला काय वाचतो आहेस हे विचारतो, तेही साध्या वर्तमानकाळातच. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात हे रूप झपाट्याने पसरलं आणि आत्ता, या क्षणी चाललेल्या क्रियेसाठी जवळजवळ सक्तीचं झालं. कर्मणी रूप तर आणखी उशिरा आलं. घर बांधलं जात आहे, या अर्थाचं ‘इज बीइंग बिल्ट’ अठराव्या शतकाच्या अखेरीला दिसू लागलं आणि एकोणिसाव्या शतकातल्या काही व्याकरणकारांनी त्यावर कडाडून टीका केली. आज टोइक या इंग्रजी परीक्षेत फोटो दाखवून चार वाक्यं ऐकवतात आणि योग्य ते निवडायला सांगतात. तिथे हेच एकेकाळचं वादग्रस्त रूप नेहमी भेटतं.

चित्र होतं, ‘-इंग’ होतं. त्यांना वर्गात एकत्र आणायला क्रियापदाचा मान वाढावा लागला. ते काम फ्रान्स्वा गुअँ या फ्रेंच शिक्षकाने केलं. जर्मन शिकायला तो हॅम्बुर्गला गेला, व्याकरण आणि २४८ अनियमित क्रियापदं पाठ केली, आणि व्याख्यानाला बसला तर एक अक्षर कळेना. पुढे शब्दकोशही पाठ केला, तरी तीच गत. घरी परतल्यावर त्याने आपला तीन वर्षांचा भाचा पाहिला. मुलगा पिठाची गिरणी बघून आला होता आणि खेळात गिरणी मांडून एकेक कृती क्रमाने करत, बोलत होता. गुअँला उमगलं, की भाषा क्रियांच्या साखळीने मनात बसते. १८८० साली त्याने या विचाराचं पुस्तक काढलं. दाराकडे जाणं, मूठ धरणं, फिरवणं, दार उघडणं अशा छोट्या कृतींची मालिका हाच त्याचा धडा.

त्याच काळात व्हिएन्नाच्या हॉल्झेल प्रकाशनाची भिंतीवर टांगायची मोठी चित्रं युरोपच्या शाळांत पोचली. ऋतू, शेत, जंगल, शहर. एकेका चित्रात माणसांची गजबज आणि प्रत्येक माणूस काहीतरी करतोय. आजच्या पाठ्यपुस्तकातलं पानभर जत्रेचं चित्र यांचंच वंशज. भाषांतर न करता चित्रं आणि कृतींतून शिकवण्याची ही थेट पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यातही आली. इथल्या शिक्षणखात्यात नोकरीला असलेल्या पी. सी. रेन यांनी भारतीय शाळांत इंग्रजी थेट कसं शिकवावं यावर पुस्तक लिहिलं. ‘रेन अँड मार्टिन’ या व्याकरणामुळे घरोघरी माहीत झालेले ते हेच. पण तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या मराठी शाळांत मराठीतून इंग्रजीत उलथा करण्याची वहिवाट पुढे बराच काळ टिकून राहिली.

इंग्रज भाषाशिक्षणतज्ज्ञ हॅरल्ड पामर यांनी १९२५ साली टोकियोत मुलगी डोरोथी हिच्यासह ‘इंग्लिश थ्रू अ‍ॅक्शन्स’ काढलं. इथे शिक्षक आज्ञा देतो, विद्यार्थी कृती करतो. चित्राची जागा शरीराने घेतली. वीस वर्षांनी आय. ए. रिचर्ड्स आणि क्रिस्टीन गिब्सन पुन्हा चित्राकडे वळले. बेसिक इंग्लिश या मुद्दाम आटोपशीर केलेल्या इंग्रजीच्या ८५० शब्दांत क्रियापदं जेमतेम अठरा होती. त्यांच्या जोरावर त्यांनी काड्यांची माणसं काढली आणि कोमेनियसला छळणारी काळाची अडचण शेजारी शेजारी चौकटी मांडून सोडवली. एका चौकटीत माणूस टोपी उचलणार आहे, दुसरीत उचलतो आहे, तिसरीत उचलून झाली. ‘-इंग’ला मधली चौकट मिळाली आणि सोयरीक पक्की झाली.

स्वातंत्र्यानंतर भारतात वाक्यरचना क्रमाक्रमाने शिकवणाऱ्या रचनानिष्ठ पद्धतीचा जोर वाढला. १९५८ साली हैदराबादला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश सुरू झालं. चालू वर्तमानकाळ आधी शिकवायचा आणि साधा नंतर, हा क्रम या पद्धतीत रुळला, कारण चालू क्रिया वर्गात करून किंवा चित्रात दाखवता येते. ‘तो रोज पहाटे उठतो’ हे दाखवता येत नाही. मग २००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. अजून मराठीही वाचता न येणाऱ्या मुलासमोर चित्राखेरीज दुसरं ठेवणार तरी काय?

या वारशाचं ऋण मोठं आहे, पण त्याच्या मर्यादाही आपण ओळखायला हव्यात. ओळखणं, आवडणं, मालकीचं असणं ही क्रियापदं चित्रात मावत नाहीत आणि इंग्रजीत त्यांना सहसा ‘-इंग’ लागतही नाही. सगळी सुरुवात चित्रांतून झाली, की ‘आय अ‍ॅम नोइंग’सारखी वाक्यं तोंडी बसणं सोपं होतं. म्हणून चित्राबरोबर गोष्टही हवी. ‘तो काय करतोय’ यानंतर ‘तो रोज काय करतो’ आणि ‘त्याला काय हवंय’ हेही विचारायला हवं.

दुसरी गोष्ट मला अधिक जवळची वाटते. कोमेनियसने आपल्या विद्यार्थ्यांच्या आसपासचे धंदे चितारले: भट्टी, द्राक्षमळा, मधमाश्यांची पोळी. आपण मात्र तयार तक्त्यांतून हिरवळ कापणारा बाबा आणि बर्फाचा माणूस करणारी मुलं उचलून आणतो. शेतात खुरपणारी आजी, सुपाने ज्वारी पाखडणारी आई, भाकरी थापणारे हात, एसटीच्या टपावर बोजा चढवणारा हमाल, जाळं ओढणारे कोळी या सगळ्यांचं काम इंग्रजीत सांगता येतं. कधी एका क्रियापदाने, कधी चार शब्दांनी. मुलांनी आपल्या घरातली, वाडीतली कामं स्वतः काढावीत, त्यातल्या माणसांवर आकडे घालावेत आणि मग प्रत्येक जण काय करतोय ते इंग्रजीत सांगावं. परक्या भाषेतलं पहिलं वाक्य आपल्याच माणसाच्या कष्टाविषयी असेल, तर ती भाषा मुलाला परकी वाटणार नाही.