ग्रंथाचे सांचे

मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शेलू म्हणून गांव आहे. तेथील एका घरीं श्रावणांत वाचली जाणारी पोथी जीर्ण झाली, म्हणून घरच्या तरुणानें ती लाटेक नांवाच्या संगणकावरील जुळणीच्या पद्धतीनें नव्यानें जुळविली व बांधीव पुस्तकाच्या रूपानें छापून आणिली. अक्षर सुबक, कागद शुभ्र. परंतु तें पुस्तक चौरंगावर उघडें राहीना. वाचणाऱ्या वृद्धांनीं एका हातानें पान दाबून धरावें, तों ओळ चुकावी. हा दोष कोणाचा, याचा विचार करितां आम्हांस ग्रंथांच्या सांच्यांचा इतिहास आठवला.

पोथीचें पान आडवें व सुटें असतें. वाचून झालें कीं तें उचलून पालथें ठेवावयाचें. शिवण नाहीं, म्हणून मिटण्याचें भय नाहीं. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मुंबईस शिळाछापावर पंचांग काढिलें. जावजी दादाजी यांनीं १८६९ त निर्णयसागर छापखाना स्थापिला. मुद्रणकलेबरोबर उभ्या पानांचें शिवलेलें पुस्तक रूढ झालें, तरी आमच्या मुद्रकांनीं पोथीचा आकार टाकिला नाहीं. शाळेस पुस्तक, पारायणास पोथी, असा विवेक त्यांनीं राखिला.

डोनाल्ड क्नूथ यांनीं १९७८ त पुढें आणिलेल्या टेक या पद्धतीवर लेस्ली लँपोर्ट यांनीं लाटेक उभारिलें. त्यांत लेख, अहवाल व ग्रंथ असे सांचे तयारच मिळतात. ओळींत रोमन अक्षरें साठसत्तरांहून फार अधिक येऊं नयेत, म्हणून त्यांचे समास रुंद. ओळींमधील अंतरही रोमन लिपीच्याच मानाचें. आमच्या मात्रा व उकार त्यांत एकमेकांस भिडूं पाहतात.

मात्र तेवढेच सांचे आहेत असें नाहीं. मार्कुस कोम यांचें कोमा-स्क्रिप्ट (१९९४) पानाचे समान पट्टे पाडून त्यांवरून समास ठरवितें व शिवणींत जाणारी कड वेगळी मोजतें. पीटर विल्सन यांचा मेमॉयर (२००१) छापण्याचा कागद व कापून उरणारें पान यांचीं मापें निरनिराळीं घेतो. त्यांत पोथीचें आडवें पान सहज बसतें.

तेव्हां दोष त्या तरुणाच्या श्रमांचा नव्हे. तयार सांचा म्हणजे कोणीएकानें आपल्या कागदासाठीं व आपल्या लिपीसाठीं केलेला निर्णय होय. तो पत्करण्यापूर्वीं आपला वाचक कोठें व कसा बसतो, हें पाहिलें पाहिजे. शेलूच्या पोथीस शिवणच नको होती.